दारू सुटली, मनाचे काय?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांस ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळणाऱ्या कित्येक घरांत मात्र एक निराळेच कोडे उभे राहते. दारू सुटली, पण घरधनी क्षुल्लक कारणावरून मुलांवर खेकसतो, रात्ररात्र तळमळतो, कोणाशी धड बोलत नाही. अखेर पत्नीच्या तोंडून निघते, "पीत होते तेव्हाच बरे होते!" हा उद्गार घातक आहे. तो ऐकून माणूस पुन्हा गुत्त्याची वाट धरू शकतो.

हा प्रतिज्ञेचा पराभव आहे काय? मुळीच नाही. ज्याने वर्षानुवर्षे अपमान, भीती व कर्जाची विवंचना दारूत बुडविली, त्याला शुद्धीवर राहून त्यांस तोंड देण्याची सवय उरलेली नसते. अंगाची थरथर बहुधा काही दिवसांत थांबते; चिडचीड, निद्रानाश व उदासी मात्र कित्येक महिने रेंगाळू शकतात. अमेरिकेत १९३५ साली निघालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी २३ वर्षे दारूस न शिवल्यानंतर, १९५८ साली, भावनांचा तोल साधणे हेच आपल्यापुढील पुढचे कार्य आहे, असे प्रांजळपणे लिहिले.

आपल्या पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे उपचारानंतरच्या पाठपुराव्यास महत्त्व आहे, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गटही आहे. कारण व्यसन एकाचे असले तरी होरपळते सारे घर.

कायदाही आपल्या बाजूस आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने दारूच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे, आणि कलम १८ अन्वये शासकीय सेवेतून उपचार मिळविणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. तो मागण्यात लाज कसली? तथापि हेही ध्यानात ठेवावे की, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा हात उगारणारा प्यालेला होता की शुद्धीत होता, असा भेद करीत नाही. आजार समजून घ्यावा. मारहाण मात्र सोसू नये.

म्हणून बंधूंनो, मनातील तगमग घरी व डॉक्टरांजवळ उघड बोला. भगिनींनो, त्यास टोमणा न मारता त्याच्यासह दवाखान्याची पायरी चढा, आणि स्वतःच्या दुःखासही तेथे वाचा फोडा.