घरांतील यंत्रें : काकांच्या मोटारीचा पंप

गेल्या पावसाळ्यांत आमच्या काकांची मोटार अंगणांतच बसली. गाडी फोक्सवागेन १६०० जातीची, १९६९ सालची; जर्मनींतील शिक्षण व नोकरी आटोपून १९७१ सालीं परततांना काकांनीं ती बोटीनें बरोबर आणली. इंजिन मागें, पेट्रोलची टाकी पुढें आणि कार्ब्युरेटरऐवजीं फ्युएल इंजेक्शन. इंजिनाला किती पेट्रोल द्यावयाचें हें इलेक्ट्रॉनिक साधनानें ठरविण्याची बॉश कंपनीची ही योजना मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या गाडींत प्रथम आली ती १९६७ सालीं, आणि तीहि ह्याच जातीच्या मोटारींत. किल्ली फिरविली कीं पुढच्या बाजूस क्षणभर गुणगुण ऐकूं येई व मग इंजिन जागें होई. ती गुणगुणच बंद पडली.

एका मिस्त्र्यानें दोन उपाय सुचविले : इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवा, नाहीं तर गाडी भंगारांत द्या. काका नव्वदीकडे झुकलेले. ते कांहीं बोलले नाहींत. परंतु त्या रात्रीं ते जेवले नाहींत, हें काकूंनीं मला हळूच सांगितलें. शिवाय पहिल्या उपायांत एक व्यावहारिक अडचण होती. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविण्याची सोय २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं केली आहे; पण गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. तो अर्ज करण्याची काकांची फार दिवसांची इच्छा. तेव्हां पंपच शोधावयाचा असें ठरलें.

शोधास निघण्यापूर्वीं पंप खरोखरच गेला आहे ना, हें पाहणें अवश्य असतें. फ्यूज जळला, रिले बिघडला किंवा तार सुटली, तरीहि पंप मुकाच राहतो. आम्हीं पंपाच्या तारांना लहानसा दिवा जोडून किल्ली फिरविली. दिवा क्षणभर लागला. म्हणजे वीज पोंचत होती, दोष पंपाचाच होता. हा पंप शिवणीनें कायमचा बंद केलेला असतो. उघडून दुरुस्त करण्याजोगा नसतो.

मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जेथें मिळतात त्या द्वारकेच्या परिसरांत मी जुना पंप पिशवींत घालून हिंडलों. पहिल्या दुकानांत 'पेट्रोलचा पंप हवा' म्हणतांच तेथल्या मुलानें समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवून 'तो काय, तिकडे' असें सांगितलें ! दुसऱ्या दुकानदारानें कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप पुढें केला. तिसऱ्यानें नव्या गाडीचा, टाकीच्या आंत बसणारा पंप दाखविला. गंमत अशी कीं, बॉशचा एक मोठा कारखाना आमच्याच नाशकांत, सातपुरास आहे. पण तेथें होणारीं इंजेक्शनचीं साधनें डिझेलच्या इंजिनांचीं, आणि आमची गाडी पेट्रोलवरची.

शेवटीं एक वृद्ध दुकानदार भेटले. त्यांनीं पंप हातीं घेतला, चष्मा वर सारला आणि म्हणाले, "अहो, गाडीचें नांव कशाला सांगतां ? दाब सांगा, तोंडें सांगा." त्या एका वाक्यानें मला वाट दाखविली. कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो. आमच्या इंजेक्शनला सुमारें २ बार, म्हणजे आठपट दाब लागतो. टाकींतला पंप दाब देईल, पण तो पेट्रोलांत बुडून राहण्यासाठींच बनविलेला असतो. तो बाहेर टांगून चालत नाहीं. आमच्या जुन्या पंपास तोंडें तीन : ओढण्याचें, ढकलण्याचें आणि जादा पेट्रोल टाकीकडे परत धाडण्याचें. पुढील काळांतल्या बाहेर बसणाऱ्या पंपांना दोनच असतात. तसा पंप चालतो. मात्र परतीची नळी नीट ओळखून बंद केली पाहिजे. मीं हें सर्व कागदावर लिहून दिलें, आणि तीन आठवड्यांनीं त्यांनीं त्या मापाचा पंप मागवून दिला.

पंप हातीं आला तरी काम संपलें नव्हतें. पहिला कशानें गेला ? टाकी रिकामी केली तेव्हां तळाशीं गंजाचा चिखल निघाला. आपल्याकडे हल्लीं मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषून घेतें. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली कीं तें पाणी पत्र्याला गंज आणतें, आणि जुन्या काळच्या रबराच्या नळ्यांनाहि इथेनॉल मानवत नाहीं. म्हणून टाकी धुतली, गाळणी बदलली, आणि इंजेक्शनच्या दाबाला व इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या पक्क्या पट्ट्यांनीं बसविल्या. येथें काटकसर करूं नये. पाव बारच्या दाबाखालीं भेगाळलेली नळी पाझरते. २ बारच्या दाबाखालीं तीच पेट्रोलचा फवारा उडविते, आणि ह्या गाडीचें तापलेलें इंजिन जवळच असतें. अखेर दाबमापक लावून दाब २ बारवर आणला.

काकांना आतां कमी ऐकूं येतें. किल्ली मीं फिरविली तेव्हां ते पुढच्या बाजूस उभे होते आणि त्यांचा तळहात पत्र्यावर होता. गुणगुण मला ऐकूं आली. त्यांना ती हाताला कळली असावी. "काकू, पान वाढा," असें मीं आंत हांक मारून सांगितलें.

घरांतलें कोणतेंहि जुनें यंत्र अडलें कीं आपण त्याच्या नांवाचा भाग धुंडाळतों आणि तो न मिळाल्यास यंत्रच टाकून देतों. त्यापूर्वीं त्या भागाचें काम काय, माप काय आणि तो कशानें मोडला, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं. पुष्कळदां मग भागहि सांपडतो आणि यंत्रहि वांचतें.