इमारतीला कर्ज, चालवायला कोण?

अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पाला जपानने स्वस्त दराने कर्ज दिले. पहिला टप्पा १९९०च्या दशकात, दुसरा २००३ नंतर. त्यातून रस्ते झाले, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची नवी इमारत झाली आणि लेण्यांच्या प्रतिकृती असलेली भव्य पर्यटक केंद्रेही उभी राहिली. ही केंद्रे पुढे वीज-पाण्याच्या थकीत बिलांपायी बंद पडली. कोट्यवधींची वास्तू आणि दाराला कुलूप! कर्जाच्या हिशेबात बांधकाम होते, रोजचा खर्च नव्हता. याच शहरातल्या इंडो-जर्मन टूल रूमचे उदाहरण पाहा. जर्मनीने यंत्रे दिली, तज्ज्ञ पाठवले. पण इथली मुले साचे बनवायला शिकली, कारखान्यांची कामे घेऊन संस्था कमवू लागली. तज्ज्ञ परत गेले, कसब इथेच राहिले.

कोणी म्हणेल, परक्यांनी आपली बिले कायम का भरावीत? भरूच नयेत. शिवाय कर्ज आपण फेडतो, म्हणजे देखभालीची जबाबदारी मुळात राज्य सरकारचीच. पण म्हणूनच करारावर सही होण्याआधी पहिल्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च कुठल्या खात्यातून येणार, हे लिहून घ्यायला हवे आणि अर्थसाहाय्याचा काही वाटा स्थानिक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी राखायला हवा. प्रकल्पाचे मूल्यमापनही फीत कापल्यावर थांबू नये. जागतिक बँकेने २०१८मध्ये ४२ कोटी डॉलर दिलेल्या ‘पोकरा’ या हवामान-अनुकूल शेतीच्या योजनेत मराठवाड्यातली कोरडवाहू गावे आहेत. तिथल्या शेततळ्यातला गाळ पाच वर्षांनी कोण काढतो, हे त्या गावांत जाऊन पाहिले पाहिजे.