वर्षभराचं भाकीत, आणि मागच्या वर्षाचा हिशोब

डिसेंबर संपत आला की मोबाईलवर भाकितांचं पीक येतं. येणारं साल कसं जाईल, कापूस किती होईल, पाऊस कोणत्या तारखेला पडेल, कांदा कधी उठेल. याला ना बी लागतं ना खत.

तसं पाहिलं तर आपल्या शेतकऱ्याला वर्षात तीनदा नवं साल लागतं. एक जानेवारीला मोबाईलचं, पाडव्याला पंचांगाचं आणि आखाजीला खरं. सालदाराचं साल आमच्या गावात आखाजीलाच बदलतं, उचल तेव्हाच ठरते, पितरांची घागर तेव्हाच भरते. माझी आजी त्या घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवायची. जेठ, आषाढ, श्रावण, भादवा. घागर पाझरून जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त. एकदा चारही कोरडी राहिली. आजी म्हणाली, "घागर पक्की भाजेल शे." दुष्काळ वगैरे काही नाही, कुंभाराने घागर चांगली भाजली होती, एवढंच.

गेली पाच-सहा वर्षं मी एक खेळ करतो. वर्षअखेरीला वहीच्या मागच्या पानावर पुढच्या वर्षाची भाकितं लिहायची आणि वही गोठ्यातल्या खुंटीला टांगायची. पुढच्या डिसेंबरात काढून टिक आणि फुली मारायची. काल वही काढली. २०२५ साठी अकरा भाकितं केली होती. पाच बरोबर, सहा चूक. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

पहिली फुली पावसाला. मी लिहिलं होतं, "मान्सून उशिरा." मान्सून केरळात आला २४ मे ला, २००९ नंतर इतक्या लवकर आलाच नव्हता. २६ मे ला तर तो मुंबईत होता. माझा अर्धा एकर उन्हाळी कांदा तेव्हा वावरातच पडलेला. दुसरी फुली विम्याला. लिहिलं होतं, "एक रुपयाचा विमा चालूच राहणार, निवडणुकीची योजना कोण बंद करतं?" खरीप २०२५ पासून बंद झाली. मक्याला मात्र अर्धी टिक, अर्धी फुली. पेरा वाढेल म्हटलं होतं, वाढला. कापूस मोडून लोक मक्याकडे गेले. पण भाव २२०० राहील असंही लिहिलं होतं. हमीभाव २४०० रुपये असताना बाजारात मक्याने काय भाव पाहिला ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि "यंदा आणखी एक अ‍ॅप येईल" याला ठसठशीत टिक. कापूस विकायला अ‍ॅप आलं, जमिनीला फार्मर आयडी आला, ई-पीक पाहणी होतीच.

आता २०२६ साठी. ही भाकितं हसण्यासाठी आहेत, बी-बियाणं यांच्या भरवशावर घेऊ नका.

जानेवारीत मळ्यामळ्यात भरीत पार्ट्या होतील. प्रत्येक यजमान सांगेल की वांगी बामणोदची आहेत. बामणोदला जेवढी वांगी पिकतात त्याच्या दसपट वांगी बामणोदच्या नावावर खाल्ली जातील. ज्याला कळण्याची भाकरी मिळाली तो नशीबवान, बाकीच्यांना पुरी.

कृषी विभाग आणि विद्यापीठ सांगतील, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा, गुलाबी बोंडअळीची साखळी तोडा. आपण मान डोलावू. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मान डोलावूनच एक पाणी सोडेल. "यंदा एवढीच दोन क्विंटल निघतील, मग उपटतो." मार्चमध्ये तोच माणूस चर्चासत्रात विचारेल, बोंडअळी येते कुठून? (मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच माणसांत होतो. आता २० डिसेंबरला रोटाव्हेटर फिरवतो, कारण त्या दोन क्विंटलांची किंमत पुढच्या ऑगस्टमध्ये फवारणीत देऊन झाली आहे.)

मार्चपासून "एल निनो" हा शब्द चहाच्या टपरीवर येईल. एप्रिलमध्ये हवामान खात्याचा अंदाज येईल आणि टक्केवारीवरून भांडणं होतील. १९ एप्रिलला आखाजी, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भेंडवळची घटमांडणी टीव्हीवर. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव आपल्याला शेजारचंच, अठरा धान्यं गोल मांडतात, मध्ये चार ढेकळांवर घागर, आजीसारखीच. दुपारपर्यंत त्याचे तीन वेगवेगळे अर्थ ग्रुपवर फिरतील, प्रत्येकाच्या पेऱ्याप्रमाणे. मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पहिल्या पानावर, केळीचं पान करपलेलं आणि विम्याचा पारा मात्र अर्ध्या अंशाने कमी. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवस मोजणारे मोजतील. मृगाचं वाहन बेडूक निघालं तर पेढे, कोल्हा निघाला तर पंचांग खोटं.

पाडळसे धरणावर भाषण होईल. हे माझं सगळ्यात खात्रीचं भाकीत. याला दरवर्षी टिक पडते, म्हणून गुण वाढवायला ते लिहितोच.

कांद्याबद्दल धुळे-साक्रीच्या मित्रांनी मला विचारू नये. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद होईल हे ७ डिसेंबरला कुणाच्या पंचांगात नव्हतं. ४ मे २०२४ ला उघडली तर ४० टक्के शुल्क लावून. जे दिल्लीत एका रात्री ठरतं त्याला पावश्या काय करणार?

गणपतीत कापसाच्या मुहूर्ताची खरेदी होईल. काट्याला हार, पहिल्या गाठोड्याला टोपलीभर भाव, पेपरात फोटो. आठ दिवसांनी त्याच काट्यावर तुम्ही-आम्ही जाऊ तेव्हा हार सुकलेला असेल.

इथपर्यंत गंमत. वहीतल्या एका पानाची मात्र गंमत होत नाही, आणि ते पान आजवर या पेजवर मी दाखवलं नव्हतं.

डिसेंबर २०२२. त्याच्या आदल्या हंगामात कापूस बारा हजारांवर गेलेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. हमीभाव होता लांब धाग्याला ६३८०, आणि व्यापारी दारात येऊन ८४०० देत होता. मी या पेजवर लिहिलं, "दहा हजाराच्या खाली देऊ नका. मार्चनंतर बाजार आपला आहे." हजारभर लोकांनी अंगठा दाखवला. लिहिताना हात थरथरला नाही. का थरथरेल? सगळेच तसं लिहीत होते.

त्या वेळी गावोगाव घरात कापूस होता. माझ्याही पुढच्या खोलीत छतापर्यंत. मुलं त्यावर उड्या मारायची, मग फेब्रुवारीपासून अंगाला खाज सुटायला लागली, मग मुलांना ओट्यावर झोपवलं. मार्च आला, गेला. ८०००, ७८००, ७५००. मी जूनमध्ये ६९०० ने दिला, पेरणीला पैसा लागत होता म्हणून. कापूस वाळून वजनात घटला ते वेगळंच.

हे माझं नुकसान, मी केलं, मी भोगलं. पण शिंदखेडा तालुक्यात माझा एक मामेभाऊ आहे. त्याने तीस क्विंटल ठेवला होता. मे महिन्यात मुलीचं लग्न. लग्नाच्या बारा दिवस आधी सगळा कापूस सातला दिला आणि उरलेलं व्याजाने काढलं. लग्नात मला जेवायला बसवलं, आग्रह केला, काही बोलला नाही. पंगत उठल्यावर हात धुताना म्हणाला, "दादा, तुनीच लिखं व्हतं ना?" रागावून नाही, खरंच विचारत होता. तीस क्विंटल गुणिले चौदाशे. बेचाळीस हजार. माझ्या एका पोस्टचे.

म्हणून सांगतो मंडळी, भाकीत करणाऱ्याचं काही जात नाही. ज्याने डिसेंबरात दहा हजार सांगितले त्याने जूनमध्ये माफी मागितल्याचं मी पाहिलं नाही, मीही मागितली नव्हती. पुढच्या डिसेंबरात तोच माणूस नवा आकडा घेऊन येतो आणि आपणही जुना आकडा विचारत नाही. निदान हवामान खातं लिहून देतं, त्यामुळे त्यांची टिक-फुली करता येते. २०२३ ला सांगितले ९६ टक्के, पडला ९४. २०२४ ला १०६, पडला १०८. २०२५ ला एप्रिलमध्ये १०५, पडला १०८. आकड्याला पैकीच्या पैकी द्यावे लागतील. पण २०२३ च्या त्या ९४ टक्क्यांत देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट दडलेला होता. देशाची सरासरी पास झाली, आमची फुलं-पात्या गळाल्या. तेव्हा बरोबर आलेलं भाकीतसुद्धा आपल्या वावरात उतरेलच असं नाही.

मग कापसाचं काय करायचं? भाव सांगत नाही, पण मी भाव कसा तपासतो ते सांगतो. हे मला एका जिनिंगवाल्या मित्राने त्या लग्नानंतर शिकवलं, आधी शिकलो असतो तर बरं झालं असतं.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. रुईचा भाव खंडीत बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा खंडी ५३,४०० आहे. किलोला दीडशे पडले. ३४ किलोचे झाले ५१००. सरकी ३५ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २२४०. बेरीज ७३४०. यातून जिनिंगचा खर्च, भाडं, व्यापाऱ्याचा नफा वजा करा, म्हणजे तुमच्या दारातला भाव. आता दहा हजार यायचे असतील तर? सरकी तीच धरली तर खंडी ८१ हजारांच्या वर पाहिजे, खर्च न धरता. मे २०२२ मध्ये खंडी लाखावर गेली होती, म्हणून बारा हजार मिळाले. डिसेंबरात मी "दहाच्या खाली देऊ नका" लिहिलं तेव्हा खंडी केव्हाच उतरली होती. मला बारा हजार दिसत होते, खंडी बघायचं सुचलं नाही. पाच मिनिटांचा गुणाकार होता.

यंदाची गोष्टही तशीच बघा. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव मध्यम धाग्याला ७७१०, लांब धाग्याला ८११० होता. केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ती मुदत २०२५ सोबतच संपणार होती. शुल्क परत लागलं तर बाजाराला थोडा टेकू मिळेल असं सगळे म्हणत होते. असेलही. पण बाहेरचा जो माल या चार महिन्यांत आला तो काही एक जानेवारीला परत बोटीत बसणार नव्हता, तो गिरण्यांच्या गोदामात होता.

माझ्याकडे ३८ क्विंटल निघाला. पंधरा हमीभावाला गेला. ज्यांचा द्यायचा आहे त्यांनी ओलावा बघून न्या, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर गाडी परत. सकाळचा दवातला वेचा वेगळा वाळवा, एवढ्याने फरक पडतो. राहिलेल्यातला दहा जानेवारीत देणार, भाव काहीही असो, कारण केळीच्या कांदेबागेला खत टाकायचं आहे. उरलेला तेरा फेब्रुवारीअखेर. मार्चला घरात एक बोंड ठेवणार नाही. हे भाकीत नाही, माझं ठरलेलं आहे, आणि फसलं तर माझंच फसेल. तुमचं देणं, तुमची लग्नं, तुमची खोली किती मोठी, हे तुम्हाला माहीत.

वहीत यंदा बारा भाकितं लिहिली आहेत. भावाचं एकही नाही.

काल रात्री मामेभावाचा फोन आला होता. आधी सुनेचं बाळंतपण, मग म्हशीचं, मग पाचेक मिनिटांनी हळूच, "मंग दादा, यंदा काय भाव राही?" मी म्हटलं, "आधी तुझ्याकडे सरकी काय चालू आहे ते सांग." तो म्हणाला, "थांब, पेन लेतस."