बोललेल्या शब्दालाही लिफाफा हवा

इंदूरच्या मराठी घरांत एक जुनी सवय आहे. भाजीवाल्याने भाव चढा सांगितला की त्याच्यासमोरच मराठीत म्हणायचे, "महाग सांगतोय, पुढे चल." एकदा मल्हारगंजात माझी आई असेच म्हणाली. टोपलीमागचा म्हातारा हसून म्हणाला, "माई, चाळीस वर्षं तुमच्याच लोकांना भाजी विकतोय. मला सगळं समजतं." आईला इतके ओशाळल्यासारखे झाले, की त्या दिवशी घासाघीस न करताच भाजी घेतली गेली.

लहानपणी आम्ही भावंडे 'च'ची भाषा बोलायचो. 'मला'चे 'चलाम', 'तुला'चे 'चलातु'. मोठ्यांना काही कळत नाही, अशी आमची ठाम समजूत होती. मोठ्यांनीही आपल्या लहानपणी तीच भाषा बोललेली असते, हे पुढे कळले.

या दोन गोष्टी आठवण्याचे कारण असे, की फोनवरच्या बोलण्याबाबत आपण आजही त्याच समजुतीत आहोत. दुसऱ्याला कळत नसेल असे वाटणे वेगळे आणि त्याला खरोखर न कळणे वेगळे.

हा विषय आपल्याला परका नाही. आपल्या समाजातल्या बहुतेक घरांची मुले आज पुणे, बंगळूर, नाहीतर अमेरिकेत आहेत. वाड्याच्या वाटण्या, बहिणीचा हक्कसोडीचा कागद, लग्नाची बोलणी, डॉक्टरांनी सांगितलेले निदान, हे सारे पूर्वी पत्राने कळवले जाई. आजीला पक्के ठाऊक असे की सत्यनारायणाचे आमंत्रण पोस्टकार्डावर चालते, पण जमिनीचा मजकूर बंद लिफाफ्यातच घालायचा. ट्रंक कॉल लावला तर मध्ये ऑपरेटर ऐकत असेल, हे धरूनच माणसे बोलत. आज पत्रे थांबली आणि सारा मजकूर फोनवर आला. पण कोणता फोन पोस्टकार्ड आणि कोणता लिफाफा, याचा विचार आपण सोडून दिला.

तो विचार अवघड नाही. घरच्या साध्या लँडलाइनवरचे बोलणे उघडे जाते, म्हणजे ते पोस्टकार्डच. मोबाइलवरचे बोलणे तुमच्या हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंत कूटबद्ध असते. पुढे कंपनीच्या यंत्रणेत ते उलगडते, आणि तिथे कंपनीला ते ऐकणे किंवा ऐकवणे शक्य असते. थोडक्यात, लिफाफा आहे पण तो पोस्टात फोडता येतो. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ पासून दोन टोकांमधले एन्क्रिप्शन सर्व वापरणाऱ्यांना दिले. त्यात कुलपाची किल्ली फक्त बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये राहते, मधल्या कंपनीकडेही नसते. आतला मजकूर बंद राहतो, पण कोणी कोणाला केव्हा फोन केला आणि किती वेळ बोलले, हे लिफाफ्यावरच्या पत्त्यासारखे कंपनीला दिसू शकते.

आवाज कुलूपबंद करणे किती कठीण असते, ते दुसऱ्या महायुद्धाने दाखवले. रूझवेल्ट आणि चर्चिल अटलांटिकपलीकडे रेडिओ-टेलिफोनवर बोलत. त्यांचा आवाज 'स्क्रॅम्बलर' यंत्रातून जाई. हे यंत्र आवाजाचे पट्टे करून त्यांची अदलाबदल करी. ही आमची 'च'ची भाषाच म्हणायची, कारण ध्वनी तेच राहत आणि क्रम तेवढा बदले. १९४२ पर्यंत जर्मन टपाल खात्याच्या अभियंत्यांनी ती उलगडली होती आणि नेदरलँड्समध्ये बसून ते ही बोलणी ऐकत होते. इकडे बोलणारे मात्र सुरक्षित आहोत अशा समजुतीत होते.

मग अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने 'सिगसॅली' नावाची यंत्रणा उभारली. १५ जुलै १९४३ रोजी तिच्यावरून वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात पहिली बैठक झाली. एका केंद्रातली सामग्री ५० टनांहून जड होती. आवाज सेकंदाला ५० वेळा मोजून त्याचे आकडे केले जात आणि त्या आकड्यांत निव्वळ खरखराटाचे आकडे मिसळले जात. हा खरखराट ग्रामोफोनच्या तबकड्यांवर असे. त्याच्या दोनच प्रती निघत, एक या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला. एकदा वापरली की तबकडी नष्ट करायची. लंडनच्या केंद्राची अवजड सामग्री सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात ठेवलेली होती. युद्ध संपेपर्यंत ही यंत्रणा शत्रूला फोडता आली नाही, आणि तिची हकिकत जगाला १९७६ साली कळली.

जे काम करायला तेव्हा ५० टनांची सामग्री लागे, ते आज भाजीवाल्याच्या खिशातला फोन करतो. नेमकी हीच गोष्ट सरकारांना खटकते. राष्ट्राध्यक्षाच्या बोलण्याला कुलूप होते तोवर कोणाची तक्रार नव्हती. सामान्य माणसाच्या बोलण्याला कुलूप लागले, तेव्हा त्यात धोका दिसू लागला. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. लोकांनी आपले कूटबद्ध संदेश साध्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत आणि मागितल्यास दाखवावेत, असे त्यात म्हटले होते. ओरड झाली आणि मसुदा लगेच मागे घेतला गेला. विचार मात्र मागे गेलेला नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या २० व्या कलमानुसार सरकार एखादा संदेश 'समजेल अशा स्वरूपात' मागू शकते. व्हॉट्सअॅपसारख्या सेवा या कायद्यात येत नाहीत, असे दूरसंचारमंत्र्यांनी तेव्हा सांगितले. पण कायद्यातली 'संदेश' आणि 'दूरसंचार' यांची व्याख्या इतकी रुंद आहे, की उद्याचा मंत्री वेगळे सांगू शकेल.

आता आक्षेपाकडे वळू. "आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय? चोरांना कशाला सोय करून द्यायची?" असे आपल्याच बैठकीत ज्येष्ठ मंडळी विचारतात. माझे उत्तर माझ्या नोकरीतून येते. सरकारी बँकेत रुजू होताना प्रत्येकाला निष्ठा व गुप्ततेच्या घोषणापत्रावर सही करावी लागते. खातेदाराचा व्यवहार बाहेर सांगायचा नाही, हे बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणून कोणी खातेदाराला चोर समजते का? खात्यातली शिल्लक झाकलेली असावी हे सर्वांना मान्य, मग बायकोला सांगितलेले दुखणे झाकलेले नसावे, हा कुठला न्याय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा अतिरेकी आणि त्यांचे पलीकडचे सूत्रधार यांचे फोनवरचे बोलणे आपल्या यंत्रणेने ऐकले. ते पुढे न्यायालयात पुरावा ठरले. अशा प्रसंगी ऐकू नये, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की कोणाचे ऐकायचे हे कोण ठरवतो आणि त्याला तपासतो कोण.

१८८५ च्या तार कायद्याने हा अधिकार सरकारला दिला. त्याचा वापर कसा होतो, हे आपण पाहिले आहे. कर्नाटकात फोन चोरून ऐकण्याच्या आरोपांवरून १९८८ साली रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल खटल्यात नियम घालून दिले. आदेश गृहसचिवांनीच काढावा, त्याला मुदत असावी, आणि तो एका समितीने तपासावा. न्यायाधीशाची आधी परवानगी असावी, ही मागणीही तेव्हा झाली होती. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून न्यायालयाने ती मान्य केली नाही. २०२३ साली नवा कायदा करताना संसदेला ती तरतूद घालता आली असती. ती घातली नाही. डिसेंबर २०२४ च्या नियमांतही आदेश गृहसचिवांचा आणि तपासणी सचिवांच्याच समितीची, अशी जुनीच रचना राहिली.

आमच्या बँकेत पाचशे रुपयांचे व्हाउचरसुद्धा एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने पास करायचे असते. त्यावर पुन्हा बाहेरचा ऑडिटर येतो. लिहिणारा अप्रामाणिक आहे असे कोणी धरत नाही, पण ज्याने लिहिले त्यानेच तपासले तर चूक सापडत नाही, हे शंभर वर्षांच्या अनुभवाने कळलेले आहे. फोन ऐकण्याच्या आदेशात लिहिणारे सरकारी आणि तपासणारेही त्याच सरकारचे. बाहेरचा ऑडिटर तिथे नाहीच.

तपासणी कशी होत असेल, याचा हिशेबही मांडून पाहू. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात म्हटले आहे की केंद्र सरकार दरमहा असे ७,५०० ते ९,००० आदेश काढत असल्याचे माहिती अधिकारातून उघड झाले. तपासणी समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश. प्रत्येकाला एकच मिनिट दिले तरी १८,००० आदेशांना ३०० तास लागतील. रोज आठ तास बसले तर साडेसदतीस दिवस. दोन महिन्यांत कामाचे दिवस जेमतेम तेवढेच असतात. आमच्या शाखेत कोणी अशी व्हाउचरे पास केली, तर त्याच्यावर दुसऱ्याच दिवशी चौकशी बसेल.

दाद मिळत नाही असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. पण ते आदेश २००९ आणि २०१० सालचे होते. शिवाय आपला फोन ऐकला जातो आहे हे ज्याला कळले, तोच दाद मागू शकतो. ज्याला कधी सांगितलेच जात नाही, त्याने कोणत्या कोर्टात जायचे?

ठकसेनांच्या नावानेही कुलूप काढायची भाषा होते, म्हणून काउंटरवरचा एक प्रसंग सांगतो. आपल्याच समाजातल्या एक आजी सहा लाखांची एफडी मोडायला आल्या. पर्समध्ये फोन चालूच होता. पलीकडे 'पोलीस अधिकारी' होता आणि त्याने कोणाशी बोलू नका म्हणून बजावले होते. मी कागदावर लिहिले, "आजी, कोणी धमकावते आहे का?" त्यांनी मान हलवली आणि हात थरथरू लागले. मी त्यांचा फोन घेऊन बंद केला आणि त्यांच्या मुलाला लावला. एफडी वाचली. तो कॉल पूर्णपणे कूटबद्ध होता, यात शंका नाही. पण तो कूटबद्ध नसता तरी, कोट्यवधी फोनांतला नेमका तोच कोण ऐकत बसणार होता? कुलूप बाहेरच्याचे कान अडवते, दारातून आत घेतलेला माणूस खरा की खोटा, हे ते सांगत नाही. ते काम आपले, शेजाऱ्याचे आणि बँकेतल्या माणसाचे आहे. आणि सरकारसाठी ठेवलेली जादा किल्ली उद्या अशाच ठकाच्या हाती लागली, तर सगळ्याच आजींचे फोन उघडे पडतील.

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्या समाजाच्या येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडावा आणि तो आपल्या खासदारांना पाठवावा. त्यात तीन मागण्या असाव्यात. फोन ऐकण्याच्या आदेशाला न्यायाधीशाची मंजुरी असावी, आणि फार तातडी असेल तर ती सात दिवसांच्या आत घ्यावी. तपास संपून काही निष्पन्न झाले नाही, तर त्या माणसाला तसे कळवावे. आणि एन्क्रिप्शन दुबळे करणारा कोणताही नियम संसदेत चर्चा झाल्याशिवाय लागू करू नये. ठराव कोणत्या पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात नसावा. सत्ता बदलली तरी ऐकण्याचे यंत्र तिथेच राहते, आणि आज टाळ्या वाजवणारे उद्या त्याच यंत्रापुढे उभे असतात.

ठराव मांडायला मी तयार आहे. अनुमोदनाला कोणी उभे राहील का?