जठरांतील बुरशी

पावसाळ्यांत शिळ्या पावावर जी करडी लव दिसते, तिच्याच कुळांतील बुरशी माणसाच्या जठरांत वाढूं शकते, असें सांगितल्यास कोणासही तें अतिशयोक्तीचें वाटेल. निरोगी माणसापुरती ही शंका रास्तच होय. या बुरशीचीं सूक्ष्म बीजें हवेंत, मातींत व लांकडावर असतात. तीं आपल्या पोटांत जातात आणि शरीर त्यांचा निमूटपणें निकाल लावतें.

परंतु मोठ्या अपघातानंतर स्थिति पालटते. पुष्कळ रक्त गेलें म्हणजे शरीर उरलेलें रक्त हृदय व मेंदू यांकडे वळवितें, आणि जठराचें अस्तर उपाशी पडतें. त्यांतच जंतुनाशक औषधांनीं बुरशीचे प्रतिस्पर्धी जंतु मरतात. अशा वेळीं रुजलेली बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते. तेथें रक्त गोठतें, व पुढचा भाग मरून काळा पडतो. या रोगास म्यूकरमायकोसिस म्हणतात. २०२१ सालीं कोविडच्या सांथींत महाराष्ट्रांत पुष्कळांच्या नाकाडोळ्यांस ग्रासणारी ‘काळी बुरशी’ ती हीच. जठरांत मात्र ती फार विरळा.

या बाबतींत स्पेन देशांतील पांप्लोना येथील, २००४ सालीं प्रसिद्ध झालेला वृत्तांत बोधप्रद आहे. तेथें अतिदक्षता विभागांतील ५ रोग्यांच्या जठरांत ही बुरशी आढळली. मूळ शोधतां तें सांपडलें जीभ दाबण्याच्या लांकडी पट्ट्यांत! नळीवाटे पोटांत द्यावयाचीं औषधें त्या पट्ट्यांनीं कालविलीं जात.

अपघातांतून वांचलेल्या रोग्याच्या नळींतून रक्त किंवा काळपट द्रव येऊं लागल्यास कारण बहुधा साधा व्रण असतें. पण उपचारांनीं तें थांबत नसेल, तर दुर्बीण घालून आंत पाहावें लागतें व तुकडा काढून तपासावा लागतो. निदान ठरल्यावर अँफोटेरिसिन हें औषध शिरेवाटे देतात. तथापि मेलेल्या भागांत रक्त पोंचत नाहीं, म्हणून औषधही पोंचत नाहीं. तो भाग बहुधा कापूनच काढावा लागतो.

आपल्या मोठ्या कुटुंबांत घोटाळा होतो तो येथेंच. “थोरले काका पुण्याहून येऊं द्यात, मग ठरवूं,” असें म्हणतां म्हणतां दोन दिवस जातात. बुरशी मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. यास्तव डॉक्टरांशीं घरच्यांतर्फे कोणीं बोलावयाचें व संमति कोणीं द्यावयाची, हें रोग्यास दाखल करतांनाच ठरवावें. वडीलधाऱ्यांचा मान त्यानें उणा होत नाहीं. रोग्याचा वेळ मात्र वांचतो.