विश्लेषण : सह्याद्रीतील दरडींना केवळ पाऊसच जबाबदार?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाडचे तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इरशाळवाडी. तिन्ही वेळा ‘नैसर्गिक आपत्ती’ अशी नोंद झाली. ती अर्धीच खरी आहे.

पाऊस बदलला आहे का?

होय. अरबी समुद्र तापत असल्याने मोसमी वारे अधिक बाष्प आणतात आणि ते कमी वेळात कोसळते. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे अभ्यासातून दिसले आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला.

डोंगर का सुटतो?

सह्याद्रीचा बेसॉल्ट टणक असला तरी त्यावर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो. पाणी मुरले की हा थर जड होतो आणि त्याची पकड सैल होते. झाडांची मुळे त्याला धरून ठेवतात, ओढे जादा पाणी वाहून नेतात. रस्त्यासाठी पायथा कापला, बंगल्यांसाठी झाडे तोडली, ओढे बुजवले, की हा आधार जातो. तीव्र उतारावर खोदकामाविनाही दरड कोसळते. खोदकामाने धोका वाढतो.

संरक्षण कुठे अडले?

माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल देताना निर्णयात ग्रामसभांना स्थान देण्याचा आग्रह धरला. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र पश्चिम घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. खाणी, बांधकामे आणि शेतीवर बंधने येतील या भीतीने राज्यांनी त्यालाही हरकती घेतल्या. २०१४ पासून प्रारूप अधिसूचनाच निघत राहिल्या. सहावी ३१ जुलै २०२४ रोजी निघाली, केरळमधील वायनाडच्या दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी.

आता काय करायला हवे?

इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यामुळे केवळ जुन्या याद्यांवर विसंबता येणार नाही. उताराला पडलेल्या भेगा, अचानक गढूळ झालेले झरे, कललेली झाडे गावकऱ्यांना आधी दिसतात. ही माहिती तहसील कार्यालयापर्यंत पोहोचण्याची आणि तिथून तातडीने हालचाल होण्याची व्यवस्था हवी. पुनर्वसनही शेत आणि रानाजवळ हवे, अन्यथा लोक धोक्याच्या जागी परततात. पाऊस रोखणे सरकारच्या हाती नाही. डोंगर कापण्याची परवानगी नाकारणे मात्र आहे.