नांदायला ये!



माहीममध्ये बुधवार हा गर्दीचा वार. सेंट मायकल चर्चमध्ये 1948 सालापासून दर बुधवारी नोव्हेना होतो. त्याला सगळ्या धर्मांच्या बायका येतात आणि त्यातल्या काही परतताना आमच्या केंद्राचीही पायरी चढतात. अशाच एका बुधवारी एक बाई आली. पिशवीत दोन वस्तू होत्या : चर्चबाहेर नवसासाठी विकत घेतलेले मेणाचे छोटे घर आणि वकिलाची इंग्रजी नोटीस. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती आठ महिन्यांपासून आईकडे राहत होती. नोटिशीत मारहाणीचे नावही नव्हते. ती विनाकारण घर सोडून गेली आहे, तिने पंधरा दिवसांत परत नांदायला यावे, नाहीतर कोर्टात खेचू, एवढेच होते. तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, मी गेले नाही तर पोलीस धरून नेतील का?"

नाही, धरून नेणार नाहीत. एवढे सांगितल्यावर ती जरा शांत झाली. पण त्याच आठवड्यात आम्ही जे पत्रक लिहायला घेतले, त्यात सवयीने एक वाक्य आले : "या मध्ययुगीन मानसिकतेचा आम्ही निषेध करतो." तेव्हा आमच्यातली एक कार्यकर्ती म्हणाली, "मध्ययुगीन म्हणजे नक्की कोणाचे मध्ययुग? आणि त्या वेळच्या बायका कशा जगत होत्या, हे आपल्याला ठाऊक तरी आहे का?" कोणालाच नीट उत्तर देता येईना. मग पत्रक बाजूला राहिले आणि आमचा एक छोटा अभ्यासवर्ग सुरू झाला. त्यात जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवण्यासाठी हे संपादकीय.

पहिली गोष्ट आम्हाला चक्रावून टाकणारी होती. त्या बाईच्या हातातली नोटीस अगदी शब्दशः मध्ययुगीन निघाली. फक्त ते मध्ययुग आपले नव्हते, युरोपचे होते.

बाराव्या शतकापासून पश्चिम युरोपात लग्नाचे तंटे चर्चच्या न्यायालयांत जाऊ लागले. चर्चने एक नियम घालून दिला : लग्न होते ते दोघांच्या संमतीने. बापाची परवानगी नसली, पुरोहित नसला, तरी "मी तुला नवरा मानते," "मी तुला बायको मानतो," एवढे शब्द उच्चारले की लग्न लागले. मुलीचे वय बारा आणि मुलाचे चौदा पूर्ण हवे. त्याआधी घरच्यांनी लग्न लावले असेल आणि दोघे एकत्र राहिले नसतील, तर वयात आल्यावर ते नाकारण्याची मुभा होती. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या चर्च न्यायालयाची चौदाव्या-पंधराव्या शतकांतली दप्तरे आजही शाबूत आहेत. त्यांत मोलकरणी, कारागीर, शेतकरी साक्षी देताना दिसतात. शब्द दिला आणि आता नाकारतो, म्हणून तक्रार घेऊन आलेल्या बायका त्यांत पुष्कळ आहेत.

पण याच कायद्याला दुसरी बाजू होती. एकदा लग्न ठरले की एकत्र राहणे आणि शरीरसंबंध हे एकमेकांचे देणे मानले जाई, फेडलेच पाहिजे असे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय घर सोडले तर परत जाण्याचा हुकूम निघे. तो मोडला तर धर्माबाहेर काढले जाण्याची शिक्षा. अतिशय क्रूरता सिद्ध झाली तर वेगळे राहता येई, पण "सुधारण्यासाठी" बायकोला मारणे हा नवऱ्याचा हक्कच समजला जाई. काही प्रकरणांत न्यायालय नवऱ्याकडून जामीन घेई, पुन्हा मारणार नाही असे कबूल करवून घेई, आणि बायकोला त्याच घरी पाठवी. हे वाचताना आमच्यापैकी दोघी एकदमच हसल्या, आणि ते हसू सुखाचे नव्हते. पोलीस चौकीत कागदावर "पुन्हा हात उचलणार नाही" असे लिहून घेऊन बाईला परत धाडण्याचे किती समझोते आपण पाहिले आहेत!

आता ही चर्चची आज्ञा मुंबईला कशी आली ते पाहू. इंग्लंडमध्ये लग्नाचे खटले 1857 सालापर्यंत चर्च न्यायालयांकडेच होते. इंग्रज येथे राज्य करू लागले तेव्हा त्यांच्या न्यायाधीशांनी ही तजवीज आपल्याबरोबर आणली. 1867 साली प्रिव्ही कौन्सिलने मुस्लिम जोडप्याच्या एका खटल्यात, असा दावा येथे चालू शकतो, असे मान्य केले. आणि 1884 साली गिरगावातल्या रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई हायकोर्टात दावा लावला : माझ्या बायकोने नांदायला यावे.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. त्या नवऱ्याकडे कधी राहिल्याच नव्हत्या. आपल्याला न कळत्या वयात, आपल्या संमतीशिवाय झालेले लग्न आपण मानत नाही, हे त्यांचे म्हणणे. 1885 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला आणि असला हुकूम हिंदू कायद्यात कुठेच नाही, तो विलायतेतून आला आहे, हे स्पष्ट नोंदवले. पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल फिरवला गेला. 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. टिळकांचा 'केसरी' आणि सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. हिंदू धर्म बुडाला, अशी ओरड झाली. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

यातली गंमत, म्हणण्यापेक्षा लबाडी, लक्षात घ्या. बारा वर्षांच्या आत लग्न झालेली, नवऱ्याबरोबर न राहिलेली मुलगी मध्ययुगातल्या चर्च न्यायालयात गेली असती तर तिला नकार देता आला असता. म्हणजे ज्या गाठोड्यात संमतीही होती आणि सक्तीही, त्यातून येथे आणली गेली ती फक्त सक्ती. आणि जी सनातनी मंडळी हिंदू धर्माच्या नावाने त्या सक्तीची बाजू घेऊन उभी राहिली, ती नकळत ख्रिस्ती धर्मपीठाच्याच आज्ञेला पाठिंबा देत होती. एवढेच नाही. इंग्लंडमध्ये हा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद 1884 सालीच रद्द झाली होती. तरीही तीन वर्षांनी मुंबईतल्या एका तरुण बाईला त्याच तुरुंगाची भीती घातली गेली. 'परंपरा' म्हणून आपल्यापुढे जे ठेवले जाते ते कोणी, कधी आणि काय निवडून आणले, हा प्रश्न विचारायला रखमाबाईंचा खटला पुरेसा आहे.

हा हुकूम रद्द झाला का? इंग्लंडमध्ये झाला, 1970 साली. आपल्याकडे 1955 च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला आणि त्यात कलम 9 म्हणून 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना' तशीच बसवली गेली. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. स्वतंत्र भारताने आपल्या कायद्यात ही तरतूद नव्याने लिहिलेली पाहूनच त्या गेल्या. ख्रिस्ती लोकांसाठी 1869 च्या कायद्यात कलम 32, पारशांसाठी 1936 च्या कायद्यात कलम 36, विशेष विवाह कायद्यात कलम 22. मुस्लिमांसाठी दिवाणी दावा. समान नागरी कायद्यावरून देशात एवढे रण माजते, पण बाईला परत पाठवण्याच्या बाबतीत सगळ्या धर्मांना समान तरतूद आधीपासूनच आहे!

1983 साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने टी. सरिता खटल्यात कलम 9 घटनाबाह्य ठरवले. बाईच्या शरीरावरचा तिचा ताबा सरकारी हुकमाने काढून घेता येत नाही, असे त्या निकालाचे सार. पण पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम 9 वैध ठरवले. 2019 साली त्याला आव्हान देणारी नवी याचिका सुप्रीम कोर्टात दाखल झाली. आज हुकूम मोडला म्हणून तुरुंग नाही. मालमत्तेवर टाच येऊ शकते, आणि वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर त्या आधारावर घटस्फोट मागता येतो. प्रत्यक्षात मात्र या दाव्याचा खरा उपयोग वेगळाच होतो. बाईने पोटगी मागितली किंवा मारहाणीची तक्रार केली की उलट दावा येतो : "मी तर तिला नांदवायला तयार आहे, तीच येत नाही." 2025 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की असा हुकूम असला तरी, न जाण्याला रास्त कारण असेल तर बाईची पोटगी बुडत नाही. हा निकाल प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

मात्र एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. टाकलेल्या बायकाही हा दावा लावतात. "मला नांदायचे आहे, हाच मला घरात घेत नाही," हे नोंदवण्याचा दुसरा मार्ग त्यांना सुचवलेला नसतो. परित्यक्तांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मैत्रिणींना हे चांगले ठाऊक आहे. म्हणून नुसते 'कलम 9 रद्द करा' म्हणून भागणार नाही. राहत्या घराचा हक्क, लग्नात मिळवलेल्या मालमत्तेतला वाटा आणि वेळेवर पोटगी या मागण्या त्याच्याबरोबर आल्या पाहिजेत. परत जाण्याचा हक्क बाईला लागतो, कारण जायला दुसरी जागा नसते.

आता त्या शब्दाकडे. युरोपात डाकिणी म्हणून चाळीस-पन्नास हजार माणसे मारली गेली, त्यात बहुतांश बायका. हे मध्ययुगात झाले असे आम्ही समजत होतो. पण त्या शिकारीचा जोर 1560 ते 1650 या काळातला, म्हणजे छापखाना आणि नवे विज्ञान आल्यानंतरचा. आपल्याकडे गर्भातली मुलगी शोधून मारायला सोनोग्राफी लागली. 1988 साली देशात सर्वात आधी कायदा करूनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 2001 साली 913 होत्या, त्या 2011 साली 894 झाल्या. याला मध्ययुगीन म्हटले की दोष मेलेल्यांवर जातो आणि आजचे डॉक्टर, वकील, बिल्डर, बाप सुटतात.

शिवाय आपल्या मध्ययुगातल्या बायकांवरही तो अन्याय होतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथात बालविधवा महदाइसा कवने रचत होती, प्रश्न विचारून गुरूंना भंडावत होती. ग्रंथ संस्कृतात लिहिला तर पंथातल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. सोयराबाईंनी विचारले की विटाळातूनच देह घडतो, तर मग सोवळा कोण? याच माहीममध्ये ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकांतले मोठे विद्वान. त्यांच्या आईची कबर त्यांच्या शेजारी आहे आणि लोकांच्या कथांत मुलाइतकाच मान आईला आहे. त्या काळी जुलूम नव्हता असे नाही. पण बायका मुक्या नव्हत्या.

शेवटी एक चित्र. 1320 साली दक्षिण फ्रान्समध्ये बेआत्रिस नावाच्या विधवेला धर्मद्रोहाच्या संशयावरून बिशपपुढे उभे केले गेले. तिच्या सामानात नातवंडांच्या वाळलेल्या नाळा सापडल्या. त्या जवळ ठेवल्या तर कोर्टात हार होत नाही, असे तिला दुसऱ्या एका बाईने सांगितले होते. सातशे वर्षांनंतर आमच्याकडे आलेल्या बाईच्या पिशवीत मेणाचे घर होते. दोघींच्या मनात कोर्टाची तीच भीती. बेआत्रिस तिच्या बोलीत बोलली. लेखनिकाने ते लॅटिनमध्ये लिहिले. तिचे मूळ शब्द गेले. आपल्याकडे जबाब नोंदवताना बाई मालवणीत, दखनीत, भोजपुरीत बोलते आणि कागदावर उतरते ते पोलिसी मराठी : "सदर इसमाने मला हाताबुक्क्यांनी मारहाण केली." नेमके काय झाले, कशामुळे झाले, तेवढे गळते. मग उलटतपासणीत तीच खोटी ठरते.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने दोन विनंत्या. तुमच्या केंद्रात 'नांदायला ये' म्हणून आलेल्या नोटिशा व दावे, नावे झाकून, वर्षवार जमा करा : बाईने आधी काय तक्रार केली होती आणि नोटीस त्यानंतर किती दिवसांनी आली, एवढे तरी लिहा. कलम 9 वर पुढे बोलायचे तर हा पुरावा आपल्याच वह्यांतून यायला हवा. आणि बाईचे म्हणणे आपण तरी तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहून ठेवू या, तिला वाचून दाखवू या.

ती बाई परत गेली नाही. नोटिशीला उत्तर दिले आहे, पोटगीचा अर्ज केला आहे, तारखा सुरू आहेत. मेणाचे घर तिने पुढच्या बुधवारी वाहिले. काय मागितलेस, असे विचारल्यावर म्हणाली, "घर. पण त्याचं नाही ताई, माझं."